इंग्रजीत लिहिलेल्या भारतीय कादंबऱ्यांतली बाई: सहा बैठकांसाठी पुस्तकं कशी लावावीत?

धरमपेठ_वाचनकट्टा

नमस्कार मंडळी. नागपुरात धरमपेठेत आमचा वाचनकट्टा चालतो. पंधराएक जण आहोत. बहुतेक निवृत्त शिक्षिका आणि बँकवाल्या, शिवाय तीन-चार कॉलेजच्या मुली. यंदा सहा बैठका एकाच विषयावर घ्यायच्या ठरल्या आहेत: भारतीयांनी इंग्रजीत लिहिलेल्या कादंबऱ्यांतली बाई कशी बदलत गेली. दर तीन आठवड्यांनी एक बैठक, दीड तासाची.

कच्चा आराखडा असा: आधी सोशिक बाई (नेक्टर इन अ सीव्ह), मग घुसमटलेली (क्राय, द पीकॉक), मग प्रश्न विचारणारी (दॅट लाँग सायलेन्स), मग बंडखोर (द गॉड ऑफ स्मॉल थिंग्ज), आणि शेवटी दोन बैठका 'मुक्त' बाईच्या. परीक्षेच्या गाइडांतही साधारण हाच क्रम असतो.

अर्ध्या मंडळींचं इंग्रजी वाचन सावकाश आहे, तासाला फार तर वीस पानं. पुस्तकं बरोबर आहेत का? कुठली गाळावीत? मराठीतलं काही जोडीला ठेवता येईल का?

महालकर

पुस्तकं वाईट नाहीत, पण ही शिडी मोडा. सोशिक, घुसमटलेली, बंडखोर, मुक्त असा जिना एकदा डोक्यात बसला की प्रत्येक नायिकेला कुठल्या पायरीवर उभं करायचं एवढंच काम उरतं. पुस्तक वाचायची गरजच राहत नाही, मागचं कव्हर पुरतं.

शिवाय हा जिना तारखांपुढे टिकत नाही. कृपाबाई सत्थियानादन यांचा जन्म १८६२ चा, अहमदनगरचा. त्यांची 'कमला' १८९४ ची. नायिका बालपणी लग्न झालेली ब्राह्मण मुलगी. सासुरवास होतो, नवरा जातो, मूल जातं. जो माणूस तिला मनापासून आवडतो तोच पुढे लग्नाचं विचारतो आणि ती नाही म्हणते. आता हिला कुठे बसवणार? पुनर्विवाह नाकारला म्हणून सोशिक, की स्वतःचं उत्तर स्वतः दिलं म्हणून मुक्त? संमतिवयाचा कायदा (मुलीशी शरीरसंबंधाचं किमान वय ठरवणारा) १८९१ चा, म्हणजे त्याला तीनच वर्षं झाली होती. विधवेने लग्न करावं की नाही यावर सगळे पुरुष वर्तमानपत्रांतून भांडत असताना लेखिका नायिकेला तिसरंच काही करू देते.

दुसरा पुरावा १९३८ सालचा. त्या एकाच वर्षी दोन कादंबऱ्या आल्या.

आर. के. नारायण यांच्या 'द डार्क रूम'मध्ये सावित्री नवऱ्याच्या बाहेरख्यालीपणाला कंटाळून घर सोडते. तिचं गाऱ्हाणं असं, की बाईचं स्वतःचं म्हणावं असं अंगापलीकडे काही नसतं, बाकी सगळं बापाचं, नवऱ्याचं नाहीतर मुलाचं. नदीत जीव द्यायला जाते, वाचते, एका देवळात काम धरते आणि मुलांच्या ओढीने परत येते. तिला नदीतून वाचवणारा मारी पुढे रस्त्याने जाताना खिडकीतून दिसतो. हाक मारावीशी वाटते, पण द्यायला आपल्यापाशी आहे काय, म्हणून ती गप्प बसते. शेवटाची ही दोन पानं कट्ट्यावर मोठ्याने वाचा, बाकी गोष्ट कुणीही पाच मिनिटांत सांगू शकेल.

राजा राव यांचं 'कांतापुरा' त्याच वर्षीचं. त्यात अख्ख्या गावाची, सत्याग्रहाची, लाठीमाराची गोष्ट अच्चक्का नावाची म्हातारी विधवा सांगते. पुरुष तुरुंगात गेल्यावर बायकांचा सेविका संघ पुढे येतो. रत्ना बालविधवा असूनही बांगड्या-कुंकू सोडत नाही, गाव तिला नावं ठेवतं, आणि पुढे तिच्याच मागून चालतं.

तेव्हा बाई कशी आहे हे नंतर विचारा. आधी विचारा, गोष्ट कोण सांगतंय आणि कुणाला. मला विचाराल तर खरा बदल तिथे दिसतो. सावित्रीचं दुःख लेखक सांगतो. अच्चक्का गावाचं दुःख स्वतः सांगते, तेही बाहेरून आलेल्या पाहुण्याला सांगावं तसं.

करायचं काम एवढंच. प्रत्येकीला एक कोरा कागद द्या आणि वाचताना पाच गोष्टी पान क्रमांकासह टिपायला सांगा: सांगणारा कोण, ऐकणारा कोण, घर कुणाच्या नावावर, पैसा कुणाच्या हातात, बाईचं नाव कुणी ठेवलं. पान क्रमांकाची सक्ती करा. ती नसली की 'समाजव्यवस्थेची बळी' वगैरे वाक्यं कागदावर उतरतात आणि बैठक तिथेच संपते.

'क्राय, द पीकॉक' मात्र या गटाला देऊ नका. पुस्तक मोठं आहे, पण पहिल्याच खेपेला चर्चा नायिका माया वेडी की शहाणी यावरच अडकते. अनिता देसाईच हव्यात तर 'क्लिअर लाइट ऑफ डे' (१९८०) घ्या. दिल्लीत इतिहास शिकवणारी अविवाहित बिम, राजा नावाच्या भावाची जुनी चिठ्ठी जपून ठेवते. ज्या घरात बिमने आजारी माणसांची उस्तवार केली, मतिमंद भावाला सांभाळलं, ते घर भाड्याचं. मालकी पुढे राजाकडे येते आणि तो बहिणीला लिहितो, तू राहा, भाडं वाढवणार नाही. बस्स. एवढ्या एका उदार वाक्याने तिचं वर्षानुवर्षांचं नातं मालक-भाडेकरूचं होतं. आपल्या निवृत्त शिक्षिकांना हे समजावून सांगावं लागणार नाही.

कलम_आणि_समास

महालकरांच्या 'घर कुणाच्या नावावर' या रकान्याला पुरवणी.

'द गॉड ऑफ स्मॉल थिंग्ज' (१९९७) वाचताना सगळे अम्मू आणि कारखान्यातला दलित सुतार वेलुता यांच्या प्रेमाकडे पळतात. त्याआधी लोणच्याच्या कारखान्याची पानं वाचा. अम्मू तिथे भावाइतकंच काम करते, पण चाको बोलताना कायम 'माझा कारखाना, माझी लोणची' म्हणतो. आणि लेखिका पुढे नोंदवते, की कायद्याने ते खरंच होतं. घटस्फोट घेऊन माहेरी आलेल्या मुलीला तिथे उभं राहायचा हक्कच नाही. 'लोकस स्टँडाय' (दाद मागायचा हक्क) या कोर्टातल्या लॅटिन शब्दांचा त्या घरात 'लोकस्ट्स स्टँड आय' होतो. विनोद वाटतो खरा, पण कादंबरीचा कणा तोच आहे.

मागचा कायदा असा. त्रावणकोरचा १९१६ चा ख्रिस्ती वारसा कायदा: बापाने मृत्युपत्र केलं नसेल तर मुलीला मुलाच्या हिश्श्याच्या एक चतुर्थांश किंवा ५,००० रुपये, यांतलं जे कमी असेल ते. कादंबरीतल्या मुख्य घटना १९६९ च्या. हा कायदा सर्वोच्च न्यायालयापुढे १९८६ मध्ये कोसळला आणि तो खटला लढल्या होत्या मेरी रॉय, लेखिका अरुंधती रॉय यांच्या आई. एवढं कट्ट्यावर आधी सांगा, मग अम्मू 'बंडखोर' आहे की नाही हा प्रश्न कुणी विचारत नाही. पोलीस ठाण्यातला प्रसंग त्यानंतर वाचा. अम्मू जबाब द्यायला जाते आणि इन्स्पेक्टर दंडुक्याने तिच्या छातीला टिचक्या मारतो, टोपलीतले आंबे चाचपावे तसा. जिच्या नावावर काही नाही, तिचा जबाबही नोंदवला जात नाही.

दुसरी जोडी. शशी देशपांडे यांच्या 'द डार्क होल्ड्स नो टेरर्स'मध्ये (१९८०) सरिता डॉक्टर आहे, नवरा कॉलेजात शिकवतो. मुलाखत घ्यायला आलेली मुलगी त्याला सहज विचारते, की बायको लोण्याबरोबर बहुतेक पावही कमावते तेव्हा कसं वाटतं? दिवसा हसणारा तो माणूस रात्री तिच्यावर जबरदस्ती करतो. मीना कंदसामी यांची 'व्हेन आय हिट यू' २०१७ ची, म्हणजे सदतीस वर्षांनंतरची. लेखिका असलेल्या बायकोचं फेसबुक बंद होतं, ईमेल नवऱ्याच्या नजरेखाली जातात, आणि लग्नातली जबरदस्ती तीच. नवऱ्याने बायकोवर केलेली जबरदस्ती बलात्कार न धरणारा भारतीय दंड संहितेच्या कलम ३७५ चा अपवाद नव्या न्याय संहितेत कलम ६३ मध्ये आहे तसा आला. फक्त बायकोच्या वयाची अट आता अठराची. म्हणून या दोन पुस्तकांत 'प्रगती' शोधू नका, सांगण्यातला फरक शोधा. सरिता वडिलांच्या घरी येऊन अडखळत, तुकड्या-तुकड्यांत बोलते. २०१७ मधल्या निवेदिकेची सुरुवातच तक्रारीने होते: माझी आई माझी गोष्ट लोकांना सांगत सुटली आहे, त्यात माझ्या भेगाळलेल्या टाचा आणि डोक्यातल्या उवाच मोठ्या झाल्या आहेत, तेव्हा आता मलाच लिहिलं पाहिजे.

एक सूचना. हे दोन्ही प्रसंग बैठकीत मोठ्याने वाचू नका. पंधरा जणींत कुणाला काय आठवेल सांगता येत नाही. पान क्रमांक आधी कळवा, ज्यांना वाचायचं त्या घरी वाचतील.

बर्डीची_पायरी

दोघांनीही छान लिहिलं, पण यादी पाहा. ब्राह्मण, ब्राह्मण, सीरियन ख्रिस्ती, दिल्लीचं बंगल्यातलं कुटुंब. नागपुरात बसून ही यादी अशीच घ्यायची म्हणजे कमाल आहे बाप्पा!

१९४२ च्या जुलैत याच नागपुरात अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. अध्यक्ष अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे, बाबासाहेब स्वतः बोलले, हजारो बायका आल्या. बाईला घटस्फोटाचा हक्क हवा, एका बायकोवर दुसरी करायला बंदी हवी, असे ठराव झाले. त्या काळातल्या इंग्रजी कादंबरीत अशी बाई दाखवा. मुल्कराज आनंद यांच्या 'अनटचेबल'मध्ये (१९३५) नायकाची बहीण सोहिनी आहे. विहिरीपाशी वरच्या जातीतलं कुणी पाणी घालेल याची वाट पाहत ताटकळते, पुजारी तिच्या अंगाला झोंबतो आणि ती ओरडल्यावर 'विटाळ झाला' म्हणून तोच बोंब ठोकतो. प्रसंग जबरदस्त आहे, पण तो घडल्यावर आपण भावाच्या रागाबरोबर पुढे जातो. सोहिनीला काय वाटलं हे तिच्या तोंडून येत नाही. महालकरांचाच प्रश्न लावा: सांगतंय कोण?

म्हणून एक बैठक बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं'ला द्या. मूळ मराठी, इंग्रजी अनुवाद माया पंडित यांचा, २००८ चा. कादंबरी नाही, मान्य. पण इंग्रजीत वाचणाऱ्या जगाला दलित बाईचा स्वतःचा आवाज आधी मिळाला तो अशा अनुवादांतून.

महालकर

सोहिनीबद्दल शंभर टक्के मान्य, माझ्या यादीत ती चूक आहे. 'जिणं आमुचं'ही घ्या. फक्त एक भेद सांभाळा: आत्मकथन आणि कादंबरी एकाच मापाने मोजू नका. अच्चक्का हे राजा राव यांनी घेतलेलं सोंग आहे, बेबीताई सोंग घेत नाहीत. मराठीतही हा पेच जुना आहे. ह. ना. आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो?' नायिका यमूच्या तोंडून येते आणि लिहिणारा पुरुष. 'कमला'च्या जोडीला तीच ठेवा, दोन्ही १८९० च्या दशकातल्या. आणि आपट्यांनी यमूची वकिली करायच्या आधीच, १८८२ मध्ये, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे 'स्त्रीपुरुषतुलना' लिहून मोकळ्या झाल्या होत्या. त्यातली चार पानं पहिल्याच बैठकीत वाचली तर 'जुन्या काळची सोशिक बाई' हा शब्दप्रयोग पुन्हा कुणी करणार नाही.

धरमपेठ_वाचनकट्टा

सगळ्यांचे आभार. 'क्राय, द पीकॉक' काढलं. पाच रकान्यांचा कागद आवडला. आता भाषेचं सांगा. काही जणी म्हणतात, 'या बायका इंग्रजीत का भांडतात? खोटं वाटतं.' 'दॅट लाँग सायलेन्स' तर दादरच्या मराठी घरातलं आहे, तिथे हे जास्तच टोचतं.

दुभाषी

टोचतं ते बरंच आहे. तिथूनच बैठक सुरू करा.

शशी देशपांडे यांचं 'दॅट लाँग सायलेन्स' (१९८८) पानांनी लहान आहे, दोनशेच्या आसपास. तासाला वीस पानं म्हटलं तर दहा तास, म्हणजे तीन आठवड्यांत रोज अर्धा तास. जमेल. मात्र गोष्ट सरळ जात नाही. नायिका जयाचा नवरा मोहन भ्रष्टाचाराच्या चौकशीत अडकलाय, दोघं चर्चगेटचं घर सोडून दादरच्या जुन्या फ्लॅटमध्ये येऊन बसलेत, एवढंच 'घडतं'. बाकी सगळं जयाच्या आठवणींत. पहिल्या चाळीस पानांत मामा, काकू, आजी, चुलतभाऊ यांची इतकी गर्दी होते की बऱ्याच जणी तिथेच पुस्तक मिटतात. त्यावर उपाय म्हणजे आधीच अर्ध्या पानावर वंशावळ काढून वाटा, माहेर डावीकडे, सासर उजवीकडे.

मग एक प्रयोग. नवरा-बायकोच्या बोलण्याचं एक पान निवडा, झेरॉक्स काढा, तीन-तीन जणींचे गट करा आणि ते पान मराठीत आणायला सांगा. वीस मिनिटं पुरतात. पहिल्याच ओळीला गाडी अडते. इंग्रजीत फक्त 'यू' आहे. जया मोहनला काय म्हणेल? 'अहो' की 'तू'? सत्तर-ऐंशीच्या दशकातलं मध्यमवर्गीय मराठी लग्न, नवरा इंजिनिअर. 'अहो' घातलं तर तिच्या मनातला उपहास दबतो. 'तू' घातलं तर बरोबरीचा संसार वाटायला लागतो आणि तिच्या गप्प बसण्याला कारणच उरत नाही. लेखिकेने इंग्रजी निवडलं तेव्हा ही कोंडी तिने बाजूला ठेवली, आणि त्यामुळे जयाला नवऱ्याकडे मराठीपेक्षा जरा लांबून पाहता आलं. 'खोटं' वाटतं ते या अंतरामुळे. ते काय देतं आणि काय हिरावतं, हे तिन्ही गटांनी आपापल्या भाषांतरातून दाखवावं.

या प्रयोगात दोन ठिकाणी घसरायला होतं. एक, सगळ्या जणी नकळत पुस्तकी पुणेरी मराठी लिहितात. मुद्दाम एका गटाला सांगा की आपल्याकडच्या बोलीत करा. 'काय करून राहिली तू?' असं मोहन म्हणाला की त्याचा हुकूम एकदम घरगुती वाटतो आणि म्हणूनच जास्त धाकाचा. दुसरं, भाषांतर सुंदर करायच्या नादात मौनाच्या जागा भरल्या जातात. जया उत्तर देत नाही तिथे 'ती गप्प राहिली' असंसुद्धा लिहू नका. मुळात नसेल तर जागा रिकामी सोडा.

नावाचा रकाना इथे सोन्यासारखा आहे. वडिलांनी ठेवलेलं नाव जया, विजय मिळवणारी. लग्नात नवऱ्याने ठेवलेलं सुहासिनी, हसतमुख, शांत. आपल्याकडे तांदळात नाव लिहितात ना, तेच. आणि तिसरं नाव ती स्वतः घेते: मासिकात 'सीता' नावाच्या गृहिणीवर हलकंफुलकं सदर लिहिते. त्याआधी तिच्या एका कथेला बक्षीस मिळालेलं असतं. कथेतल्या पुरुषाला बायकोपर्यंत शरीरापलीकडे पोचता येत नाही. लोकांना तो मीच वाटेन, म्हणून मोहन दुखावतो. ओरडत नाही, मारत नाही, फक्त दुखावतो, आणि हिचं खरं लिहिणं थांबतं. माझ्या मते ऐंशीच्या दशकातल्या इंग्रजी कादंबरीने आणलेली नवी गोष्ट ही आहे: जुलूम करणारा नवरा नव्हे, दुखावला जाणारा नवरा.

शेवटाकडे जयाला आठवतं की संस्कृत नाटकांत बायका संस्कृत बोलत नाहीत, प्राकृत बोलतात, आणि आपणही इतकी वर्षं प्राकृतच बोलत आलो. हे वाक्य एका मराठी घरातली बाई इंग्रजीत म्हणते. 'इंग्रजीत का भांडतात' म्हणणाऱ्या ताईंना ते पान वाचायला द्या.

ऑरेंजसिटी_२१

सगळी नावं जड आहेत. मुलींसाठी 'द गाइड' (१९५८) चालेल का? रोझी नाचते, स्वतः कमावते.

महालकर

चालेल, पण नागपुरात प्रत्येक घरात वहिदा रेहमान आधी पोचलेली आहे, त्याची तयारी ठेवा. बैठक सिनेमावर घसरते. म्हणून सुरुवातीलाच पुस्तकातली दोन कामं द्या. रोझी देवदासी घराण्यातली आणि अर्थशास्त्रात एम.ए., हे कोणत्या पानावर आहे ते शोधा. आणि तिचा कारभार पाहणारा राजू तिची खोटी सही करतो ते पान शोधा. दागिन्यांच्या पेटीचा कागद असतो, सही तिची हवी, आणि हा तिला न विचारता ठोकून देतो. नाचते ती, कमावते ती, सही मात्र दुसरा करतो. त्यासाठी तो तुरुंगात जातो, आणि पुढे तिचं काम त्याच्यावाचून चालू राहतं. तुमच्या 'पैसा कुणाच्या हातात' रकान्यासाठी यापेक्षा नेमकं पान मिळणार नाही, आणि बँकेतून निवृत्त झालेल्या मंडळींना सहीचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

धरमपेठ_वाचनकट्टा

सहीवाली बैठक बँकवाल्याच घेणार म्हणतात, वाद सुरूही झाला. पहिल्या बैठकीला 'डार्क रूम'ची शेवटची दोन पानं, 'कांतापुरा'ची सुरुवात आणि ताराबाईंची चार पानं असं ठेवतोय. 'कांतापुरा'ची वाक्यं फार लांब आहेत, मोठ्याने वाचताना दम लागतो.

दुभाषी

एकीने वाचू नका. वाक्यात 'अँड' आला की पुढचीने उचलायचं, गोलाकार बसून. जात्यावरच्या ओव्या एकीने सोडून दुसरीने धरायच्या, तशा. पहिलं पान तीनदा तसंच वाचा. पहिल्या फेरीत अडखळतील, तिसऱ्या फेरीत चाल सापडेल. आणि राजा राव यांची दोन पानांची प्रस्तावना आधी नव्हे, नंतर द्या.